हजार इडियम्सचा संच मागे घ्या: सोलापुरातील स्पर्धा परीक्षा क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील स्पर्धा परीक्षा क्लासचे संचालक
आणि तिथे इंग्रजी शिकवणारे सर व मॅडम यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या जून बॅचपासून शहरातल्या काही क्लासनी इंग्रजीचा रोजचा तास बंद केला. त्याच्या जागी महिन्यातून एका रविवारी ‘इडियम्स मॅरेथॉन’ ठेवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एका दिवसात एक हजार इडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार. दाराशी झेरॉक्सचा संच मिळतो, सर माइकवरून तो वाचत जातात आणि मुले अर्थांखाली रेघा ओढतात. फी मात्र पूर्वीइतकीच आहे.

कोणत्याही क्लासचे नाव मी घेणार नाही, कारण माझे भांडण एका क्लासशी नाही. एकाने केले की दुसरा करतो. तोच संच, त्याच चुकांसकट, फक्त वरचे नाव बदलून वेगवेगळ्या क्लासमधून वाटला जातो हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून पत्र सगळ्यांना लिहिते आहे. उघड अशासाठी लिहिते आहे की फी भरणाऱ्या आईवडिलांनीही ते वाचावे.

मी दुपारपर्यंत कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी पूर्व भागात एक छोटी अभ्यासिका चालवते. वडिलांचे यंत्रमाग जिथे चालायचे तीच पत्र्याची खोली. माग विकले गेले, खोली राहिली. तिथे बसणाऱ्या बऱ्याच मुली विडी कामगारांच्या घरातल्या आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी अशी त्यांची तिहेरी कसरत असते. अक्कलकोटकडून येणाऱ्या काहींच्या घरी कन्नड बोलतात. त्यांची क्लासची फी कुणाच्या आईने भिशीतून भरली, कुणी बचत गटातून कर्ज काढले. रविवारी संध्याकाळी या मुली तुमचा संच घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘मॅडम, याचा अर्थ खरंच असाच होतो का?’ फार वेळा मला ‘नाही’ म्हणावे लागते, आणि त्यांचे चेहरे उतरतात. दिवसभर बसून जे पाठ केले ते आता पुसायचे असते.

माझी सगळ्यात मोठी तक्रार त्या संचातल्या अर्थांबद्दल आहे. काही पाने आत्ता माझ्यासमोर आहेत. ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ याच्यासमोर छापले आहे ‘नवी पालवी फुटणे’. इथले ‘लीफ’ झाडाचे नसून वहीचे पान आहे. जुने वागणे सोडून नव्याने सुरुवात करणे हा त्याचा अर्थ. ‘पुल समवन्स लेग’ याच्यासमोर ‘पाय ओढणे, प्रगतीत अडथळा आणणे’. मराठीत पाय ओढण्याचा अर्थ तोच आहे, पण इंग्रजीत असे म्हटले की कुणाची तरी गमतीने थट्टा चाललेली असते. ‘ब्रिंग टू बुक’ म्हणजे ‘पुस्तकात नोंद करणे’. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे ‘टॉवेल आत टाकणे’.

हे अर्थ यंत्राने शब्दाला शब्द लावून काढलेले आहेत आणि छापायला देण्याआधी ते कुणी वाचलेलेही नाहीत. ज्या शहराच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या मुलांना टॉवेलचे इडियम तरी नीट मिळायला हवे होते. मुष्टियुद्धात आपला खेळाडू आणखी मार खाऊ नये म्हणून त्याचा प्रशिक्षक रिंगणात टॉवेल फेकतो, आणि लढत तिथे संपते. म्हणून त्याचा अर्थ हार पत्करणे. एवढे सांगायला अर्धा मिनिट पुरतो, आणि सांगितले की मूल ते विसरत नाही.

या चुकीची किंमत काय, तेही पाहा. इडियमचा प्रश्न बहुतेक वेळा वाक्यात येतो. वाक्यातला वाक्प्रयोग अधोरेखित केलेला असतो, खाली चार पर्याय असतात, आणि त्यांतला एक पर्याय अनेकदा शब्दशः अर्थाचा असतो. ज्याला येत नाही तो तिकडे ओढला जावा म्हणूनच तो ठेवलेला असतो. काहीच न वाचलेला उमेदवार तिथे अंदाजाने चुकेल किंवा प्रश्न सोडून देईल. तुमचा संच पाठ केलेली मुलगी मात्र पूर्ण खात्रीने चुकीच्या गोलावर क्लिक करेल. एसएससीच्या सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीच्या, परीक्षेत पहिल्या टप्प्याला प्रश्न 2 गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला 0.50 गुण कापले जातात. म्हणजे तुमच्याकडे आल्यामुळे तिचे गुण घटणार.

तिची आई विड्या वळते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. कारखान्यात त्या विड्या तपासल्या जातात, खराब निघालेल्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या बाईच्या हजार विड्या रोज तपासल्या जातात आणि तिच्याच पैशांवर तिच्या मुलीला दिलेले हजार अर्थ एकदाही तपासले जात नाहीत, हे मला सहन होत नाही.

आता ज्यांचे अर्थ बरोबर आहेत त्यांच्याविषयी. एका मुलीने ‘ब्रिंग टू बुक’ दुसऱ्या एका यादीतून बरोबर पाठ केले होते: ‘टू पनिश’, शिक्षा करणे. सराव चाचणीत वाक्य आले की पैसे खाल्लेल्या कारकुनाला अखेर ‘ब्रॉट टू बुक’ केले. पर्यायांत ‘पनिश’ हा शब्दच नव्हता. ‘मेड टू आन्सर फॉर हिज कंडक्ट’ असा पर्याय होता, म्हणजे वागण्याचा जाब द्यायला लावले. तिने प्रश्न सोडला. इडियम तिला येत होता, उत्तराचे इंग्रजी येत नव्हते. यादीत एकास एक जोड्या पाठ केल्या की असे होणारच. पर्याय इंग्रजीत असतात, ते समजायला शब्दसंग्रह लागतो, वाक्य वाचायची सवय लागते. ती रोजच्या तासातून येते, आणि तोच तास तुम्ही बंद केला.

मुळात इंग्रजी म्हणजे फक्त इडियम्स, असे तुम्ही कधी ठरवले? 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न आणि 200 गुण होते. त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांना प्रत्येकी 25 प्रश्न. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यातही 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे. त्या पंचविसांत काळ आहेत, शब्दयोगी अव्यये आहेत, चूक शोधणे आहे, उतारा आहे, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आहेत, स्पेलिंग आहे. इडियम्स त्यातला एक लहान तुकडा. पेपरच्या चौथ्या हिश्श्याची तयारी तुम्ही महिन्याच्या एका रविवारी आणलीत, आणि त्या रविवारीही एकच तुकडा घेता. या निर्णयापायी इंग्रजीच्या काही शिक्षकांना कमी केल्याचेही मला कळले आहे. त्यांतले काही माझ्यासारखेच तासिकांवर जगणारे आहेत.

पोलीस भरती आणि रेल्वेच्या मुलांना या मॅरेथॉनला का बसवले जाते, याचे उत्तर मला कुणीच देऊ शकले नाही. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असते. रेल्वेच्या एनटीपीसी भरतीच्या (कारकून, स्टेशन मास्तर वगैरे पदांच्या) पहिल्या संगणक चाचणीत 40 प्रश्न सामान्य ज्ञानाचे, 30 गणिताचे, 30 बुद्धिमत्तेचे. दोन्हीकडे इंग्रजीचा विभागच नाही. पहाटे मैदानावर गोळाफेक आणि धावण्याचा सराव करून आलेला मुलगा नऊ तास बाकावर बसून त्याच्या पेपरात कधीच न येणाऱ्या हजार ओळींखाली रेघा ओढतो, आणि त्या दिवसाचे वेगळे पैसेही मोजतो. ‘सर्व परीक्षांसाठी उपयुक्त’ असे बॅनरवर लिहिण्याआधी तुम्ही त्या परीक्षांचा अभ्यासक्रम उघडून पाहिला पाहिजे.

शिकवण्याच्या पद्धतीवर थोडे सविस्तर लिहिते, कारण ‘इडियम्स पाठच करावे लागतात, दुसरा मार्ग नाही’ असे तुमच्यातल्या एका सरांनी मला फोनवर सांगितले.

मार्ग आहे, आणि तो सोलापुरात तर फारच जवळ आहे. ‘ऑन टेंटरहुक्स’ घ्या. यादीत त्याचा अर्थ ‘चिंतेत असणे’. मुलांना टेंटरही कळत नाही आणि हुकही. इंग्लंडमधले विणकर लोकरीचे कापड धुतले की ते वाळताना आटू नये म्हणून मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून बसवत. त्या चौकटीला टेंटर म्हणत, आणि कापड धरून ठेवणाऱ्या खिळ्यांसारख्या आकड्यांना टेंटरहुक्स. चहूबाजूंनी ताणलेल्या त्या कापडासारखी मनाची अवस्था म्हणजे हा इडियम. हे मी सांगितले तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, ‘निकालाच्या आदल्या दिवशी आपण असतो तसं.’ बरोबर तसेच.

‘डाइड इन द वूल’ही विणकरांचेच. लोकर कातण्याआधीच रंगवली तर रंग तंतूत मुरतो, वरवर बसत नाही. आपल्याकडच्या चादरीचे सूतही विणण्याआधी रंगवतात. ज्या मुलीचे काका रंगखात्यात काम करतात तिला सूत आधी रंगवणे आणि विणलेले कापड नंतर रंगवणे यातला फरक माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. तिनेच वर्गाला समजावून सांगितला. मग अर्थ सांगायला मला फार बोलावे लागले नाही: एखादे मत किंवा वृत्ती माणसात मुळापासून मुरलेली असणे. आपण ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा कार्यकर्ता’ म्हणतो ना, त्याच्या फार जवळ.

‘रेड लेटर डे’ला तर दाते पंचांगाच्या या गावात अडायचे कारणच नाही. जुन्या दिनदर्शिकांत सणाचे, संतांचे दिवस लाल अक्षरांत छापत. आजही घराघरांतल्या भिंतीवर तेच दिसते. म्हणून अर्थ, कायम लक्षात राहणारा आनंदाचा दिवस. ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ शिकवताना न्यूकॅसल हे इंग्लंडमधले कोळशाचे मोठे बंदर होते, म्हणजे जिथे जे मुबलक तिथेच ते नेणे, एवढे सांगावे आणि मुलांना विचारावे, सोलापुरासाठी हेच कसे म्हणाल? ‘सोलापूरला चादर घेऊन जाणे’ हे उत्तर पाठच्या बाकावरूनसुद्धा येते. मी खात्रीने सांगते, ते मूल हा अर्थ पुन्हा पाठ करायला बसणार नाही.

यात एक पथ्य मात्र पाळायला हवे. गोष्ट खरी असेल तरच सांगायची. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ची एक कथा क्लासमधून फार फिरते: जुन्या इंग्लंडमध्ये कुत्री-मांजरे गवताच्या छपरावर झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. ही कथा बनावट आहे. तो वाक्प्रयोग कसा आला हे खात्रीने सांगता येत नाही. तेवढे मुलांना सरळ सांगावे आणि मुसळधार पाऊस हा अर्थ देऊन पुढे जावे. ‘क्रॉस द रुबिकॉन’ (माघार नाही असे पाऊल उचलणे) यामागे इसवी सन पूर्व 49 मध्ये रोमन सेनापती सीझरने सैन्यासह ओलांडलेली रुबिकॉन नदी आहे, ‘मीट वन्स वॉटर्लू’ (निर्णायक हार होणे) यामागे वॉटर्लूच्या लढाईतली 1815 ची नेपोलियनची हार आहे. खऱ्या गोष्टी एवढ्या असताना खोट्या कशाला?

एक सोय तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तलाठी भरतीसारख्या परीक्षांत इंग्रजीच्या बरोबरीने मराठीचे प्रश्न असतात, आणि त्यात वाक्प्रचार आणि म्हणी असतात. म्हणजे दोन्ही तास एकमेकांना हात देऊ शकतात. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि डोळेझाक करणे. ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ आणि रात्रीचा दिवस करणे. ‘ब्लो वन्स ओन ट्रम्पेट’ आणि आपलीच टिमकी वाजवणे. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ आणि बिंग फोडणे. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ आणि आकाशपाताळ एक करणे. एकदा बसून दोन विषयांचे काम होते. आज मराठीचे सर वेगळी यादी देतात, इंग्रजीचा संच वेगळा, आणि मूल दोन्ही ढीग डोक्यावर घेऊन फिरते. जिथे जोडी फसवी आहे, जसे पाय ओढणे, तिथे ठळक खूण करून सावध करावे. ते काम शिक्षकाचेच, यंत्राला ते जमत नाही हे तुमच्या संचाने दाखवून दिले आहे.

ब्रिटिश आणि अमेरिकन अर्थ जिथे वेगळे पडतात तेही कुठेच लिहिलेले नाही. सभेत प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेला मांडला, अमेरिकन इंग्रजीत लांबणीवर टाकला. ‘मूट पॉइंट’ एकीकडे वादाचा मुद्दा, दुसरीकडे ज्यावर वाद घालण्यात आता अर्थ उरला नाही असा मुद्दा. अशी उदाहरणे थोडीच आहेत, पण उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची वेळ आली तर मुलाला ती माहीत असावी लागतात.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांचे तर याहून वाईट होते आहे. 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. इंग्रजीचा 300 गुणांचा पेपर हाताने लिहायचा आहे आणि त्यात किमान 25 टक्के गुण मिळायलाच हवेत. तिथे गोल निवडायचा नाही, चार ओळी सरळ लिहायच्या आहेत. हजार अर्थ पाठ केलेल्या माझ्याकडच्या एका मुलीला त्यातला एकही इडियम वापरून स्वतःचे वाक्य लिहिता येईना.

‘मुलांनाच शॉर्टकट हवा असतो, आम्ही काय करणार?’ हे तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. मुलांना शॉर्टकट हवा असतो कारण पुढची जाहिरात कधी येईल हे कुणालाच माहीत नसते, वय निघून चाललेले असते आणि घरून फोन येत असतात. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज परीक्षेला बसणारी बहुतेक मुले पहिलीपासून इंग्रजी शिकली, तरी वाक्य वाचायला घाबरतात. तो दोष तुमचा नाही, हे मान्य. पण ती भीती घेऊन मूल तुमच्या दारात येते आणि तुम्ही ती भीतीच विकायला काढता, हा दोष तुमचा आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सध्याचा हजार इडियम्सचा संच वाटणे थांबवावे. ज्यांना तो दिला आहे त्यांना चुकांची दुरुस्ती छापून, विनामूल्य द्यावी. टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नये, कारण सगळ्यांकडे मोबाइल नसतो.

इंग्रजीचा तास पुन्हा सुरू करावा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून किमान तीन दिवस. तेही जमत नसेल तर जून बॅचच्या फीमधला इंग्रजीचा वाटा परत करावा.

पोलीस भरती आणि रेल्वेच्या मुलांकडून मॅरेथॉनचे घेतलेले पैसे परत करावेत. यापुढे प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक परीक्षेचे विषय आणि प्रश्नसंख्या मराठीत छापून हातात द्यावी.

नवी यादी दोनशेच्या आसपास इडियम्सची असावी. प्रत्येकाला एक वाक्य, इंग्रजी अर्थाचे दोन वेगवेगळे शब्दप्रयोग, जवळचा मराठी वाक्प्रचार आणि कोणत्या वर्षीच्या कोणत्या पेपरात तो आला त्याची नोंद. हजारच्या ऐवजी दोनशे म्हटले की जाहिरात फिकी पडेल, हे मला कळते. तरीही दोनशेच द्या.

आणि संचाच्या पहिल्या पानावर तो तयार करणाऱ्या आणि तपासणाऱ्या शिक्षकाचे नाव छापावे.

तपासणीचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. माझ्याबरोबर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोन मैत्रिणीही तयार आहेत. तुमच्या संचातल्या चुका पानवार लिहून काढायला आम्ही सुरुवात केली आहे. ती वही अभ्यासिकेत ठेवलेली असते. कोणत्याही क्लासच्या सरांनी संध्याकाळी सहानंतर येऊन पाहावी, उतरवून न्यावी, आमचे कुठे चुकत असेल तर सांगावे. पालकांनाही ती पाहता येईल.

दसऱ्याच्या नव्या बॅचचे प्रवेश सुरू होण्याआधी आपले उत्तर मिळावे, आणि ते क्लासच्या नोटीस बोर्डावर लावावे, ही विनंती.

आपली,
पूर्व भागात अभ्यासिका चालवणारी इंग्रजीची एक शिक्षिका
सोलापूर